डोळे मिटलेल्या ताईनं उचललेली गोळी

तुमच्या घरात कागदाच्या पुडीतल्या अशा किती गोळ्या आहेत, ज्यांचं नाव तुम्हाला सांगता येणार नाही?

भुताची गोष्ट वाचायला आला असाल, तर आधी याचं उत्तर द्या. देवी, भूत, करणी मी कधी मानली नाही. याविरुद्धची पत्रकं मी आमगावच्या बाजारात उभं राहून वाटलीत. तरीही हे लिहितोय...

माझी ताई आमगावजवळच्या एका खेड्यात दिलेली. तिच्या गालाची शीर ठणकायची. गावातल्या 'डॉक्टर'नं — डिग्री विचारू नका — तीन प्रकारच्या गोळ्या पाकिटातून सोडवून एकाच पुडीत बांधून दिल्या. नाव कळलं तर पेशंट हातचा जाईल ना! पंधरा दिवसांनी ताप आला, डोळ्यांची आग झाली, तोंडात फोड आले. मग अंगभर लाल चट्टे. कळताच मी तिच्याकडे गेलो.

तिची सासू म्हणाली, "माता आली तिले, देवीचे फोड होय हे. दवाखान्यात कायले नेता? गोळ्या बंद करा, कडुनिंब टाका."

"मावशी, माता-बिता काही नसते."

"तू लय शिकला, बाबू. माता काही तुहं पत्रक वाचून येत नाही."

आणि मी, विज्ञानाचा ठेकेदार, पुढचे दोन दिवस सासूपासून लपवून ताईला त्याच गोळ्या देत राहिलो. अडाणी कोण, ते तुम्हीच ठरवा.

तिसऱ्या दिवशी तिच्या पाठीची कातडी चादरीला चिकटून आली. तेव्हा कुठे गोंदियाला मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर मॅडमनी तोंड, डोळे, पाठ पाहिली. "औषधाची रिॲक्शन आहे. सगळ्या गोळ्या बंद. भाजलेल्या पेशंटसारखं सांभाळावं लागेल, डोळ्यांचे डॉक्टर आत्ताच बोलावते. पण यातली नेमकी कोणती? पुन्हा चुकून दिली, तर ही वाचणार नाही."

मी पुडी उघडली. तिन्ही गोळ्या गोल, पांढऱ्या; फरक फक्त कोरलेल्या बारीक अक्षरांचा. ताईचे डोळे सुजून बंद, बोटांवर फोड. तिनं चाचपडत एक उचलली.

"हेच होय, भाऊ. हातात धरली का जळते."

मी चक्क हसलो. गोळ्यांच्या जागा बदलल्या. तिनं तीच उचलली. पुन्हा बदलल्या... तीच.

"तुमचे प्रयोग पुरे," मॅडम म्हणाल्या.

दोन दिवसांनी त्या 'डॉक्टर'ला गाठून पाकिटं मिळवली, अक्षरं जुळवली. ताईनं उचललेली गोळी झटक्याची, म्हणजे फिट्सवरची होती. शिरेच्या दुखण्यालाही देतात. "हिच्यानं असं होऊ शकतं, हे आम्हाला माहीत असतं," मॅडम म्हणाल्या. उरलेल्या दोन ॲसिडिटीच्या आणि ताकदीच्या.

ताई वाचली. एका डोळ्यानं अंधुक दिसतं. सासू म्हणते, मातेनं दाखवलं. मला ते पटत नाही. एकदा योगायोग म्हणेन, तिन्ही वेळा? डोळे मिटून मी त्याच गोळ्या घरी खूपदा हातात धरून पाहिल्या, एकदाही हात जळला नाही.

तुमच्या घरात ताईसारखी बोटं असतील, या भरवशावर राहू नका. नव्या औषधानंतर चट्टे आले आणि तोंड किंवा डोळे जळू लागले, तर पुडीसकट तडक मोठ्या दवाखान्यात जा. आणि बिननावाची पुडी आजच देणाऱ्याच्या टेबलावर उघडा — प्रत्येक गोळीचं नाव लिहून घेतल्याशिवाय तिथून उठू नका.