रेघेबाहेरचा गुलाल

चौबे कॉलोनीत लताबाईंची रांगोळी म्हणजे काय विचारता! राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा शंकर नगरात उठसूट कुठल्या ना कुठल्या ऑफिसचं उद्घाटन असायचं. फीत कोणी का कापेना, दारातली रांगोळी लताबाईंचीच. त्यांचा नियम मात्र एकदम कडक: रेघेबाहेर रंग सांडता कामा नये. धाकटी जाऊ रमा लग्न होऊन आली, तेव्हा पहिल्याच दिवाळीत तिच्या हाती ओलं फडकं देऊन त्यांनी बजावलं होतं, "सांडला का पुसायचा. रेघेबाहेरचा रंग म्हणजे हाताची फजिती." रमानं ते असं काही मनावर घेतलं, की पुढे खुद्द लताबाईंनाच तिचा धाक वाटू लागला.

लताबाईंची एकुलती एक पोट्टी शर्मिष्ठा. ती पुण्याला जाऊन आभाळाचं शिकली. एकदा फोनवर तिनं आईला समजावलं होतं, "दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं गाव, आई. मी पाहते त्या लहान लहान दीर्घिका. मधी ताऱ्यांची चकती राहते, भाकरीसारखी. अन् तिच्या भोवती वायू. लालसर, एकदम विरळ. तापलेल्या ताऱ्यांच्या उजेडानं त्याच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटतात अन् परत जुळतात, म्हणून तो चमकते. तारे स्फोट होऊन मरतात ना, ते त्याले चकतीच्या बाहेर फेकतात. लहान गावाची ओढ कमी, मग तो दूरवर जाते."

अणूचं लताबाईंना काही उमगलं नाही. पण त्या दिवसापासून दुपारी तांदूळ निवडता निवडता त्यांचा डोळा लागायचा, आणि काळ्याभोर आभाळात ते इवलंसं गाव तरंगत यायचं. आवाज नाही, घाई नाही. भोवती गुलाबी धूळ, उडालेली, खाली बसायचं नाव न घेणारी. जाग आली तरी ती डोळ्यांत रेंगाळायची, आणि तांदळातले खडे तसेच राहायचे.

मग एक दिवस पोरीचा फोन आला. चिली देशात मोठ्या दुर्बिणीवर नोकरी लागली होती. 'गॅसवर दूध आहे' एवढंच लताबाईंना सुचलं. त्यांनी फोन ठेवून दिला. झालं! तेव्हापासून शर्मिष्ठा रमालाच विचारायची, "काकू, आई रागावली का माझ्यावर?" अहो, राग कसला? जीव तुटत होता बाईचा. पण बोलून दाखवणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. जे सांगायचं ते रांगोळीच्या चिमटीतून.

जाण्याआधी पोरगी दिवाळीला दोन दिवस येणार होती. लताबाईंनी ठरवलं, आपण रागावलेलो नाही हे तिला दारातच कळलं पाहिजे. दुपारभर त्या दारातल्या कोटा दगडाच्या फरशीवर वाकून बसल्या. पांढऱ्या रांगोळीची लांबट चकती काढली, तिच्यात निळे-पिवळे तारे भरले. मग चहाची गाळणी घेतली, तिच्यात गुलाल घातला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम रेघेबाहेर रंग उडवला. हलक्या हातानं, झुळकेसारखा. बाई स्वतःशीच हसल्या आणि लुगडं बदलायला आत गेल्या.

बाहेर येऊन पाहतात तर चकती तेवढी लख्ख, बाकी फरशी ओली. रमा फडकं पिळत उभी.

"ताई, चौफेर गुलाल सांडला होता! पोट्टी यायच्या आत पुसून टाकला, नाही तर म्हणंल आईचा हात थरथरून राहिला."

नियम आपलाच. आपलेच दात, आपलेच ओठ. लताबाई पायरीवर बसून बोटांना चिकटलेला गुलाल पाहू लागल्या. तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला.

शर्मिष्ठा बॅग घेऊन आली ती दारातच थबकली. फरशी वाळत होती, आणि ओल्या फडक्यानं पसरलेला गुलाल दगडातून हळूहळू वर येत होता. फिका, धूसर, पार फाटकापर्यंत. लताबाईंनी उडवला होता त्याच्या कितीतरी पुढे.

"आई..." ती खाली बसली. "हे तू काढलं? हे तर माझंच ताऱ्यांचं गाव आहे. अस्संच दिसते. इतकंच फिकं."

"थोडं मी काढलं, थोडं तुया काकूनं," लताबाई म्हणाल्या. मग धीर करून त्यांनी विचारलं, "एवढा दूर गेलेला हा वायू परत येते का गं?"

शर्मिष्ठा खोटं बोलली नाही. "थोडा येते, आई. पुष्कळसा नाही येत."

"पण चमकते ना?"

"चमकते."

"मग जाऊ दे त्याले," लताबाई म्हणाल्या, आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. बोटांचा गुलाल तिच्या केसांना लागला.

रमा पुन्हा फडकं घेऊन पुढे झाली. लताबाईंनी तिचा हात धरला.

"राहू दे, रमा," त्या म्हणाल्या.