गुरुवारी सुट्टी असलेली नवरी

ते प्रकरण मला आजही आठवतं, आणि आठवलं की सगळ्यात आधी माझं स्वतःचं हसू आठवतं.

चाकण पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी स्टेशन डायरी चाळत होतो. तेवढ्यात सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांचा एक माणूस आत आला. अंगात नवा कोरा सफारी, कपाळावर पुसट झालेलं कुंकू, तळव्यांवर मेंदी. मूळचा लातूरकडचा, इथल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये फिटर. बायको जाऊन सात वर्षं झालेली, मूलबाळ नाही. लग्नं जुळवणाऱ्या एका संकेतस्थळावर त्याची नागपूरच्या एका शिक्षिकेशी ओळख झाली. पाच महिने फोनवर बोलणं झालं, लग्न ठरलं. आदल्या दिवशी राजगुरुनगर रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात हा मुंडावळ्या बांधून उभा राहिला. गावाकडून सत्तर माणसं आली. नवरी आलीच नाही. फोन बंद होता, आणि तिने दिलेल्या नागपूरच्या पत्त्यावर किराणा दुकान निघालं.

"बसा, नवरदेव," आमचा अंमलदार म्हणाला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मीही हसलो. तोंड फिरवून, भिंतीवरच्या हद्दीच्या नकाशाकडे बघत, पण हसलोच.

पोलिसांच्या कागदात 'गेला माल' असा एक रकाना असतो. चोरी असो की फसवणूक, फिर्यादीचं काय गेलं ते तिथे लिहायचं. अंमलदाराने तिथे, या माणसाने नवरीला साडी-दागिन्यांसाठी पाठवलेले पैसे लिहिले आणि कागद सहीला पुढे सरकवला. फिर्यादीने तो दोनदा वाचला.

"एवढंच का, साहेब?"

"अजून काही गेलंय?"

"गेलंय की. माझ्या मावश्या हातात अक्षता घेऊन दोन घंटे बसल्या. माय कालपासून जेवली नाही. ते कुठं लिहायचं?"

"त्याला रकाना नाही," मी म्हणालो. खरोखरच नव्हता.

तपास सुरू झाला आणि लगेच अडलाही. सिमकार्ड दुसऱ्या राज्यातल्या मयत माणसाच्या नावावर होतं. कॉल सगळे इंटरनेटवरून, त्यामुळे टॉवरचा उपयोग नाही. पैसे चार खात्यांतून फिरून गेलेले. त्यातली एक किरकोळ रक्कम चाकणमधल्या एका मोबाईल दुकानात आली होती, पण दुकानदाराला काही आठवेना. आम्ही कागदावर 'परराज्यातील टोळी' असं लिहिलं आणि पुढच्या गुन्ह्याला लागलो. हे दोन शब्द फार सोयीचे आहेत. एकदा लिहिले की कुणाला खुर्चीतून उठावं लागत नाही.

फिटरची मात्र दशा होत गेली. कंपनीत कुणीतरी त्याच्या लॉकरवर खडूने 'नवरदेव' लिहिलं. पुसलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्याने कामावर जाणं सोडलं. फोनचा आवाजही सहन होईना, म्हणून मोबाईल पिठाच्या डब्यात घालून ठेवायचा. सरकारी रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू होत्या. आठवड्यातून एकदा ठाण्यात येऊन बाकावर बसायचा. कुणी विचारलं नाही तर तसाच निघून जायचा. त्याला पाहिलं की मी केबिनमध्ये शिरायचो, हे कबूल करायला हवं.

आमच्याकडे मावळातल्या जुन्या घरातली एक महिला हवालदार होती. तिने एकदा त्याला चहा दिला आणि सहज विचारलं, "तुमी दर गुरुवारीच का येता वो?"

"सवय, ताई. गुरुवारी आमी लई वेळ बोलत होतो. सुट्टी असायची ना. तिला बी गुरुवारीच सुट्टी."

हवालदार कप तिथेच ठेवून माझ्याकडे आली. "सायेब, नागपुरात शाळंला गुरुवारी सुट्टी आसती व्हय?"

बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं: साऱ्या जगाची साप्ताहिक सुट्टी रविवारी, पण पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांची गुरुवारी. विजेच्या नियोजनासाठी कधीकाळी ठरलेला वार, आता अंगवळणी पडलेला. इथे बाजार गुरुवारी, केस कापायचे गुरुवारी, मुलगी बघायला जायचं तेही गुरुवारी. फिटरला त्यात काही वावगं वाटलंच नाही, आणि फसवणाऱ्यालाही वाटलं नाही. दोघांची चूक एकच होती, म्हणून कुणाला ती दिसली नाही. आमची नवरी नागपूरची नव्हतीच. ती इथली होती, आमच्या हद्दीत शिफ्ट करणारी.

आम्ही पुन्हा त्या मोबाईल दुकानात गेलो. दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या चाकणला राहिलेले मुस्लिम गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणत.

"कोड स्कॅन करून माझ्या खात्यात पैसे टाकायचे अन् रोख न्यायची, अशी कंपनीची पोरं रोज येतात, साहेब. कुणाकुणाचं ध्यानात ठेवू?" ते म्हणाले, आणि मग थांबले. "गुरुवारचं म्हणता? एक बाई हाय. पैसे दुसऱ्याच कुणाच्या फोनवरून येतात, पण रोख न्यायला हीच येते. एकदा फोनवर अगदी पुस्तकातलं मराठी बोलत होती, अन् फोनवर हात ठेवून मला म्हणते, 'द्या की वो बिगीबिगी.' मी म्हटलं, बाई एक अन् बोल्या दोन!"

पुढच्याच गुरुवारी सकाळी चाचांचा फोन आला. "साहेब, तुमचं पार्सल आलंय." साध्या वेशातली हवालदार समोरच्या रसवंतीत बसलेलीच होती.

बाई तिशीची, एका पुरवठादार कंपनीत पॅकिंगला. नवरा नोकरी सुटून घरी बसलेला. तो प्रोफाइल बनवायचा, ती बोलायची. चौकशीत तिने सगळं नाकारलं. खोटं बोलणारा माणूस उत्तर फार पटकन देतो, असा माझा अनुभव आहे. तिची उत्तरं प्रश्न संपायच्या आत येत होती.

हवालदाराने काही न विचारता टेबलावर लग्नपत्रिका ठेवली. वर फिटरचं नाव, खाली त्या न जन्मलेल्या शिक्षिकेचं. बाईने ती उचलली आणि बराच वेळ वाचली.

"पत्रिका छापली त्यानं?"

"सत्तर माणसं जेवायला बसायची व्हती, बाई."

"मला वाटलं, कोर्टात सह्या करायला दोघंचौघं घिऊन यील. तो रोज तारीख इचारायचा. न्हाई म्हणवंना, म्हनून एक सांगितली." आणि मग ती रडायला लागली.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. आरोपीने स्वतः दाखवून दिलेली वस्तू मात्र चालते. म्हणून पंचांसमोर तिचं म्हणणं लिहून घेणारा निवेदन पंचनामा केला, आणि तिने दाखवलेल्या जागेवरून, तांदळाच्या पिंपातून, दोन मोबाईल आणि सिमकार्डं जप्त केली. त्यांत आणखी सहा माणसांचे फोटो होते. सहाही जण एकटे, पोक्त, आणि तक्रार एकाचीही नाही. हसतील म्हणून आली नसणार.

दोषारोपपत्राचा मसुदा घेऊन मी सरकारी वकीलबाईंकडे गेलो, तेव्हा फिटरला सोबत नेलं. त्याने पुन्हा तेच विचारलं. "मॅडम, पैशाचं राहू द्या. माझं जे झालं त्याची भरपाई मागता येते का?"

मी मध्येच बोललो, "अहो, असं कुठे असतं..."

"असतं," वकीलबाई म्हणाल्या. "शिक्षा झाली तर न्यायालय भरपाई देऊ शकतं, नुकसान किंवा क्षती झाली म्हणून. आणि क्षती म्हणजे काय, ते कायद्यातच सांगितलंय. शरीर, मन, लौकिक, मालमत्ता. साहेब, तुम्ही फक्त शेवटची लिहून आणलीत."

तेहतीस वर्षांच्या नोकरीत ती व्याख्या मी खात्याच्या परीक्षांसाठी पाठ केली होती. 'मन' हा शब्द त्यात आहे हे मला त्या दिवशी ऐकू आलं. लाज वाटली.

आम्ही पुन्हा कामाला लागलो. फिटरचा पुरवणी जबाब घेतला. डॉक्टरांचे कागद, कंपनीची गैरहजेरीची नोंद, लॉकरचा फोटो, कार्यालयाच्या व्यवस्थापकाचा आणि लग्न लावायला आलेल्या गुरुजींचा जबाब, सगळं जोडलं. त्याची आईही बोलली. हवालदाराने तिचा जबाब तिच्याच शब्दांत लिहिला, मी एक अक्षर बदललं नाही. 'गेला माल'चा रकाना होता तेवढाच राहिला, पण त्याच्या मागे चाळीस पानं लागली.

तपासात आपण रकान्यात मावेल तेवढंच शोधतो, हे मला या प्रकरणाने शिकवलं. आणि फसलेल्या माणसाला हसणारा प्रत्येक जण फसवणाऱ्याचं उरलेलं काम फुकट करून देत असतो. त्यात मीही होतो.

निकाल लागला तेव्हा मी निवृत्त होऊन पिंपरी-चिंचवडमधल्या रहाटणीत राहायला आलो होतो. एका गुरुवारी दुपारी फिटर घरी आला. अंगाने भरला होता, कामावरही पुन्हा जाऊ लागला होता. पिशवीतून त्याने निकालाची नक्कल काढली, लॅमिनेट केलेली. नवराबायको दोघांना शिक्षा झाली होती, आणि भरपाईच्या आदेशात 'मानसिक त्रासापोटी' अशी वेगळी ओळ होती. रक्कम फार मोठी नव्हती, वसूलही हप्त्याहप्त्याने व्हायची होती. तो त्या ओळीवरून बोट फिरवत होता.

"कंपनीत दाखवली का?" मी विचारलं.

"झेरॉक्स काढून लॉकरवर चिकटवली, साहेब. जिथं ते लिहीत होते तिथंच. आता कुणी लिहीना."

मला राहवलं नाही. "पहिल्या दिवशी तुम्ही ठाण्यात आलात ना, तेव्हा मीही हसलो होतो. मला माफ करा."

"ठाव हाय, साहेब," तो म्हणाला. "तुमी तोंड फिरवून हसलात. तेवढी तरी लाज तुमालाच होती, म्हणून तर येत राहिलो."

मी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. अनोळखी नंबर होता. त्याने क्षणभर पाहिलं आणि फोन कानाला लावला.

"हॅलो, कोण बोलतंय?" पलीकडून कुणी मुलगी कर्ज हवं का विचारत होती. "नको, ताई," तो शांतपणे म्हणाला, आणि मोबाईल शर्टाच्या खिशात ठेवून चहा पिऊ लागला.