नकाशातला लाल रंग

आमच्या कोळीवाड्यात बाई होडीवर चढत नाही. मासळी वाळवायची, विकायची, घर चालवायचं, भांडायचं, सगळं बायांनीच. पण होडीत पाय ठेवायचा नाही. त्यामुळे मी सर्वेक्षणाच्या जहाजावर जाणार म्हटल्यावर बा पावसाळाभर माझ्याशी बोलला नाही.

पहिल्या फेरीहून परतले तेव्हा मात्र त्यानेच विचारलं, "काय गो गावलं?"

मी सांगितलं. समुद्रतळाचा तापलेला खडक थंड होतो तेव्हा पृथ्वीचं चुंबकत्व त्यात गोठून राहतं. ते मोजणारं यंत्र आम्ही लांब दोराला बांधून जहाजामागे ओढतो, नाहीतर जहाजाचं लोखंडच मोजमाप बिघडवतं. बा खूश झाला. "म्हंजे तू पन जालंच वढतंस!" तेव्हापासून तो बंदरावर भेटेल त्याला सांगायचा, माझी पोरगी दर्याच्या पोटातलं वाचते. पदवीने झाला नव्हता तेवढा आनंद मला त्या वाक्याने झाला.

मग मी त्याला एक नकाशा आणून दिला. आमच्या नकाशांत चुंबकत्व अपेक्षेपेक्षा जास्त असेल तिथे लाल, कमी तिथे निळा. बस, एवढाच अर्थ. काही ठिकाणी या दोन रंगांच्या सीमेवर भूकंपांची केंद्रं सापडतात. कणखर खडक आणि पाण्याने कमकुवत झालेला खडक तिथे एकमेकांना भिडत असतील, ताण साठत असेल. कदाचित नुसता योगायोगही असेल, म्हणून नकाशाखालच्या टिपेत मी भूकंपाची 'शक्यता आहे' एवढंच लिहिलं होतं. शिवाय नकाशातला तो पट्टा आमच्या अंधेरीच्या कोळीवाड्यापासून कुठल्या कुठे, खोल अरबी समुद्रात. बाने नकाशा देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर लावला.

तोवर धाकट्या भावाला बिल्डर भेटला होता. बिल्डरला आमचं कौलारू घर हवं होतं आणि पुढचं अंगणही, जिथे वलांड्यांच्या बांबूंवर बोंबील वाळायचे. बा दाद देत नव्हता. मी जहाजावर असताना एका दुपारी जमीन किंचित हलली, मांडणीवरची भांडी वाजली. भावाने बाला नकाशापुढे उभं केलं. लाल म्हणजे धोका. सिग्नलला लाल, समुद्रातल्या खडकावरच्या दिव्याला लाल. "ताईनंच शोधलंय ना बा, अजून काय पायजे तुला?"

जन्मभर लाल दिवा बघून होडी वळवलेला माणूस तो. त्याने सही केली.

मी परतले तेव्हा वलांड्या मोडून पडल्या होत्या. "लाज नाही वाटली रे?" मी भावाला विचारलं.

"मी काय खोटं बोललो? शक्यता आहे असं तूच लिहिलंयस ना?"

केसाने गळा कापणं कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. अजून त्याचं तोंड बघवत नाही.

आता बा जोगेश्वरीला राहतो, अकराव्या मजल्यावर. भूकंपाला भिऊन माणूस बैठं घर सोडतो आणि अकराव्या मजल्यावर जाऊन बसतो! हसावं की कपाळ बडवावं? खिडकीतून शेजारच्या इमारतीचे पाइप दिसतात. दर्या नाही. मी मुलुंडहून रविवारी जाते. परवाच्या रविवारी ठरवूनच गेले होते, लाल रंगाचा खरा अर्थ आज सांगून टाकायचा आणि त्याच्या लाडक्या लेकाचं पितळ उघडं पाडायचं.

मी चहा करून आणला. कप समोर ठेवला तरी बाने हात लावला नाही.

"कवा येनार गो त्यो?"

"कोण?"

"भूकंप. तुजा भाव बोलला म्हनून नाय दिलं मी घर. त्याच्यावं कोन इस्वास ठेवतंय? तू लिवलंस म्हनून दिलं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "येनार ना नक्की?"

त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आशा होती. आला नाही तर घर फुकट गेलं, हे त्यालाही कळत होतं.

"येणार बा," मी म्हणाले. "नक्की येणार."

तेव्हा कुठे त्याने कप उचलला.