सणापुरत्या गोळ्या

"मेनोपॉजनंतर रक्तस्राव झाला होता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मेनोपॉज म्हणजे पाळी कायमची जाणं. समोर माझी धाकटी जाऊ सुजाता मान खाली घालून बसली होती. बायॉप्सीचा, म्हणजे आतला तुकडा काढून तपासल्याचा, रिपोर्ट टेबलावर होता. एंडोमेट्रियल कॅन्सर. गर्भाशयाच्या अस्तराचा. फुप्फुसांपर्यंत पोचलेला.

"झाला होता. मग सणापुरत्या गोळ्या घेतल्या."

"कोणी दिल्या?"

"मीच आणल्या."

साफ खोटं. मी दिल्या होत्या.

आमच्या मुलुंडच्या घरी पाच दिवसांचा गणपती असतो. घाटकोपरहून सुजाता तयारीला चार दिवस आधीच यायची. मोदकांना तिच्यासारख्या कळ्या कोणालाच पाडता यायच्या नाहीत, मला तर नाहीच. त्या वर्षी ती स्वयंपाकघराच्या दाराशीच थबकली. "ताई, दोन वर्षांनी परत आलंय गं. कोणाला दाखवू का?"

मी हसले. "तरुण झालीस की! गणपती होऊ दे, मग दाखव."

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आम्ही बायका वर्षानुवर्षं घेत आलोय. खालचा केमिस्ट चिठ्ठीसुद्धा मागत नाही. दोन दिवसांत डाग थांबले आणि नैवेद्य वेळेवर झाला. मला तेवढंच हवं होतं.

नवरात्रात परत दिल्या. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना परत. गोळ्या बंद केल्या की डाग सुरू व्हायचे. ती डॉक्टरांचं नाव काढायची आणि मी म्हणायचे, एवढं आटपू दे गं. संक्रांतीनंतर तिला धाप लागायला लागली, तेव्हा कुठे आम्ही दवाखान्याची पायरी चढलो.

डॉक्टरीणबाईंनी भीड ठेवली नाही. "गोळीने रक्त थांबतं, आजार थांबत नाही. वर्षभर पाळी बंद राहिल्यावर एक डाग जरी दिसला, तरी तपासायचं. पहिल्या डागाला आला असतात तर कदाचित पिशवी काढून भागलं असतं."

बायांनो, हे पाठ करा. वयाचं असेल, उष्णतेचं असेल, असलं शहाणपण मीही करत होते. आणि पाळी असताना देवाचं केल्याने कोणाचं वाटोळं झालेलं मी पाहिलेलं नाही. ती टाळण्यापायी झालेलं पाहिलंय.

चौथ्या केमोनंतर तिच्या तोंडात फोड आले होते. मी चमच्याने ताक पाजत होते. न राहवून म्हटलं, "सुजाता, मला माफ कर गं."

"नाही केलं," ती म्हणाली. "तुझं नाव घेतलं नाही, कारण मी गेल्यावर सायलीला तूच जेवायला घालणार. तिच्या बापाला चहा पण येत नाही. तिला कळलं तर ती तुझ्या हातचं पाणी पिणार नाही. कधी बोलू नकोस."

मी तिचं तोंड पुसायला गेले तर तिने मान वळवली. नंतर दोन महिने मी रोज गेले. ती माझ्याशी औषधांपलीकडे एक शब्द बोलली नाही.

इथली सगळी नावं मी बदलली आहेत, ती त्याचसाठी.

तिला जाऊन आठ महिने झाले. तिची लेक सायली कॉलेजमधून थेट माझ्याकडे जेवायला येते. परवा जेवता जेवता तिचे डोळे भरून आले. "काकू, तू नसतीस तर आमची वाट लागली असती गं."

मी तिला आणखी एक पोळी वाढली.