कॉइल जळू नये म्हणून

घरात मी माझ्या नवऱ्याला अहो-जाहो करते. इथे लिहिताना मात्र ‘तो’च म्हणणार आहे. ज्याच्यापायी जीव टांगणीला लागला होता, त्याच्याबद्दल आदरार्थी लिहायला गेलं की भीती पातळ होते, आणि मला ती पातळ करून सांगायची नाही.

आम्ही आखातात राहतो, तो इथे तुबलीच्या एका गॅरेजमध्ये गाड्यांच्या एसीचं काम करतो. मी शाळेच्या बसवर मुलांना चढवायला-उतरवायला असते. मागच्या उन्हाळ्यात बॉनेटखाली वाकलेला असतानाच त्याच्या छातीत कळ आली आणि तो तिथेच जमिनीवर बसला. हृदयात स्टेंट बसवून घरी आला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, सिगारेट बंद म्हणजे बंद. मिसरूड फुटल्यापासून ओढणारा माणूस. महिनाभर त्याने कसाबसा दम काढला, मग चिडचिडायला लागला, भाताचं ताट सरकवायला लागला. शेवटी गॅरेजमधल्या कुणीतरी त्याच्या हातात बॅटरीवर चालणारं व्हेप दिलं. डॉक्टरांच्या मते तेही वाईटच. मला ते पटत होतं, पण निदान धूर तरी नाही, असं म्हणून मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

व्हेपच्या पोटात कॉइल असते, करंगळीच्या पेरापेक्षा लहान. धातूची नळी, आत तार, तारेभोवती कापूस. कापूस फ्लेवरच्या पाण्यात भिजलेला असला तर तार तापून त्याची वाफ होते. कापूस कोरडा पडला की तो करपतो आणि तोंडात अशी काही जळकी चव येते की माणूस ते उपकरण फेकून देईल. त्यानेही एकदा तेच केलं. व्हेप ड्रॉवरमध्ये टाकलं, खालच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानात गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या शर्टाला सिगारेटचा वास होता.

मी काही बोलले नाही. मी रागावले की बोलत नाही, जेवतही नाही. ताट वाढते, समोर बसते आणि भिंतीकडे बघते. माझी ही सवय सासरी सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावरून माझी भरपूर थट्टा होते. त्या दिवशी मात्र मी रागावलेली नव्हते, घाबरलेली होते. पण माझा घाबरलेला चेहरा आणि रागावलेला चेहरा एकच दिसतो, त्याला मी काय करणार?

तेव्हापासून कॉइल जळली की सिगारेट, हे समीकरण माझ्या डोक्यात पक्कं बसलं. कॉइलची काळजी मीच घ्यायची असं ठरवून टाकलं. नवी कॉइल बसवताना तिच्या भोकांतून दिसणाऱ्या कापसावर आधी फ्लेवरचे थेंब सोडायचे. टाकी भरली की लगेच ओढायला द्यायचं नाही, कापूस आतपर्यंत भिजू द्यायचा. पॉवर कमीत कमी ठेवायची. एकामागून एक झुरके नाहीत. टाकी तळाला जायच्या आत भरायची. त्याला आंब्याचा फ्लेवर आवडायचा. कोकणातला माणूस, दुसरं काय आवडणार! पण गोड फ्लेवरची साखर तारेवर काळी होऊन बसते आणि कॉइल लवकर मरते, हे कळल्यावर मी आंबा बंद करून साधा पुदिना आणला. गाडीत व्हेप ठेवायचं नाही हेही बजावलं. इथल्या उन्हात डॅशबोर्डवर ठेवलेल्या व्हेपमधलं पाणी इतकं पातळ होतं की सगळं गळून जातं आणि कापूस कोरडा.

तो हसायचा. "पेशंटाचा करतास, तसा त्या व्हेपाचा करतास," म्हणायचा.

एवढं करूनही कॉइल जळायच्याच. जळली की तो माझ्याकडे बघायचा आणि मी भिंतीकडे. मग मी बुरखा-अबाया घालून फिरणाऱ्या बायकांच्या गर्दीतून वाट काढत कॉइल आणायला दुकानात धावायची. मी परत येईपर्यंत तो सिगारेटसाठी खाली उतरला तर, या विचाराने मी लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबायची.

आणि मग कॉइल जळायच्या थांबल्या.

आधी माझ्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं तेव्हा मी फुशारून गेले. दुकानात गेले नव्हते त्याला बरेच दिवस झाले होते. मी शिकवल्यासारखी टाकीही आता तोच भरून ठेवायचा. आपल्या कष्टाचं फळ मिळालं, असं वाटून मी बसवरच्या दुसऱ्या बाईलाही सांगितलं की नीट निगा राखली तर एक कॉइल किती टिकते बघ. ती वसईची, तिचा नवराही ओढतो. तिने मन लावून ऐकून घेतलं.

त्याच सुमारास त्याला खोकला झाला. एसीच्या गारव्यातून उन्हात, उन्हातून गारव्यात, हे त्याच्या कामात चालायचंच. घरात नीलगिरीचा वास यायचा तेव्हा मला बरंच वाटायचं. आमच्याकडे सर्दी झाली की पातेल्यात गरम पाणी, त्यात नीलगिरीचे थेंब आणि डोक्यावरून टॉवेल. मी बसवर गेल्यावर तो वाफ घेत असेल, असं मी धरून चालले. खोकला मात्र कमी होत नव्हता. मग एक दिवस लिफ्ट बंद होती. पिण्याच्या पाण्याची मोठी बाटली खांद्यावर घेऊन जिना चढताना तो मध्येच थांबला. बाटली खाली ठेवली, कठड्याला धरून उभा राहिला आणि तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लागला. ओठ पांढरे पडले होते. स्टेंट बंद पडला, हा एकच विचार माझ्या डोक्यात आला.

"माका काय होवचा नाय," तो म्हणाला. "खोकलो हा नुसतो."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, मला सुट्टी. तो अंघोळीला गेला होता. काहीतरी हातात हवं म्हणून मी व्हेपची टाकी धुवायला घेतली. नळाखाली धरली, पण ती धुतली जाईना. बोटं बुळबुळीत झाली. पाण्यावर तेलाचा तवंग तरंगत होता आणि नीलगिरीचा वास नाकात चढला. कॉइल बाहेर काढली. ती जुनीच होती, बाहेरून काळवंडलेली, पण आतला कापूस पांढराशुभ्र. दुकानातल्या कॉइलचा कापूस असा सैल नसतो. कुणीतरी हाताने भरलेला होता.

मी देवापाशी गेले. सासूबाईंनी गावाहून पाठवलेल्या फुलवातींचं पाकीट अर्धं रिकामं होतं.

तो बाहेर आला तेव्हा मी ती कॉइल तळहातावर धरून उभी होते. "तुमी ह्यां कधीपासून करतास?"

त्याने टॉवेलने मान पुसली. गॅरेजमध्ये त्याच्या हाताखालून कुठलीच वस्तू फेकली जात नाही. जळालेला भाग काढायचा, नवा भरायचा, गाडी चालू. कॉइलही त्याने तशीच दुरुस्त केली होती. करपलेला कापूस चिमट्याने काढायचा आणि फुलवातीचा कापूस भरायचा. खोकला सुरू झाल्यावर वरून नीलगिरीचं तेलही घालायला लागला.

"आपण वाफ घेतव, तसाच ता," तो म्हणाला. "छाती मोकळी जाता."

पातेल्यातल्या पाण्याची वाफ वेगळी आणि तापलेल्या तारेवर उडालेलं तेल थेट फुप्फुसात ओढणं वेगळं, हे मला तरी कुठे माहीत होतं? मी फोनवर शोधलं. पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि फोन उलटा ठेवला. तेल फुप्फुसात बसतं, तिथून सहजी निघत नाही. याच माणसाच्या हृदयासाठी मी थेंब थेंब मोजून कापूस भिजवत बसले होते. मला रडू आलं नाही. मला इतकी भीती वाटली की घराला कुलूप लावताना चावी लागेना.

हॉस्पिटलात एक्स-रे काढला. डॉक्टरबाई हैदराबादच्या होत्या, आमच्याशी हिंदीत बोलत होत्या. हृदय ठीक होतं. फुप्फुसाच्या खालच्या भागात मात्र सावली होती. मी तेलाचं सांगितलं. त्यांनी लिहिणं थांबवलं, खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"कब से ले रहे हैं? और तेल के अलावा क्या-क्या? मुझे सच बताइए, दवा उसी पर तय होगी."

त्याने डॉक्टरबाईंकडे बघितलंच नाही. आधी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"चार-पाँच दिन," तो म्हणाला. "और कुछ नहीं."

खोटं होतं ते. अर्धं पाकीट चार दिवसांत संपत नाही, आणि नीलगिरीचा वास तर त्याच्या कितीतरी आधीपासून घरात होता. मी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण त्याची ती नजर मला कळली होती. कॉइल जळली की तो असाच बघायचा. मी समजत होते, त्याला सिगारेटची तलफ आली आहे. तो माझा चेहरा बघत होता. मी पुन्हा जेवणार नाही, पुन्हा भिंतीकडे बघत बसेन, म्हणून त्याने जळालेल्या कॉइल माझ्यापासून लपवल्या होत्या, फुलवातींनी भरल्या होत्या आणि धाप लागली तरी तो गप्प राहिला होता. मी तिथे असेपर्यंत डॉक्टरांसमोरही तो गप्पच राहणार होता. आणि कधीपासून ते कळल्याशिवाय त्याला औषध मिळणार नव्हतं.

मला तिथेच बसायचं होतं. एकेक शब्द ऐकायचा होता, त्याचा हात धरायचा होता, काय काय आणि किती ते समजून घ्यायचं होतं. भित्र्या माणसाला सगळं कळायला हवं असतं.

"मी भायर बसतंय," मी म्हटलं. "तुमी डॉक्टरांका सगळा सांगा. माका नंतर पण सांगूची गरज नाय."

बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर एक बाई मुलाला बिस्किट भरवत होती, तिच्या शेजारी बसले. आत तो खोकला, आणि बोलायला लागला. शब्द कळत नव्हते, आवाज तेवढा येत होता. तो बोलतच राहिला. माझ्याशी इतका वेळ तो कितीतरी महिन्यांत बोलला नव्हता.