पन्नास तासांचं तेल

आता हे सांगताना मला काही हसू येत नाही. तुम्हाला आलं तर शेवटपर्यंत दाबून धरा. मी एका भल्या माणसाच्या म्हाताऱ्या आईला विमानातून हाताला धरून खाली उतरवलं. विमान जमिनीवर होतं, एवढंच माझं नशीब.

आमचे हे विमानाचे मेकॅनिक. फौजेतून रिटायर झाले आणि इथे लखनऊलाच राहिले. शहराबाहेर एका बिल्डरचं चार सीटचं छोटं विमान आहे, त्याची देखभाल ह्यांच्याकडे. माणूस सज्जन. इतका सज्जन, की सब्जीवाला सडके टोमॅटो घालतो आणि हे त्यालाच शुक्रिया म्हणतात. भांडायचं खातं माझ्याकडे.

एका संध्याकाळी हे चहा समोर ठेवून नुसतेच बसले. खोदून विचारलं तेव्हा बोलले. विमान पन्नास तास उडालं की म्हणे इंजिनाचं तेल बदलायचं. गाडीसारखे किलोमीटर नाही मोजत, तास मोजतात. पन्नास तर झाले. आणि मालक म्हणतात, अजून चांगलं दिसतंय, राहू दे की महिनाभर.

“आणि विमान ठीक आहे म्हणून सही कुणाची?”

“माझी.”

म्हणजे वर आभाळात इंजिन बंद पडलं तर मालक देवाघरी आणि आमचे हे तुरुंगात! मग तुम्ही काय बोललात, विचारलं. तर म्हणाले, “बघू.”

ह्यांचं ‘बघू’ मी लग्नापासून ओळखते. घराला रंग? बघू. गावाकडे प्लॉट? बघू. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोय, तो ‘बघू’मध्येच आहे.

दुसऱ्या दिवशी हे उजाडायच्या आत निघून गेले. डबासुद्धा न घेता. मी म्हटलं, झालं. बायकोला तोंड दाखवायला नको म्हणून पळाला माणूस.

डबा भरला, स्कूटी काढली. आलमबागच्या गर्दीत सिग्नलगणिक मालकाला मनातल्या मनात झाडत गेले. पोचेपर्यंत भाषण तयार.

पोचले तर काय? विमान बाहेर काढलेलं, मालक चालवायच्या सीटवर, आणि शेजारी त्यांच्या अम्मा! चिकनच्या भरतकामाची पांढरी साडी, काळा चष्मा, हातात जपमाळ. मुलाला त्यांना वरून शहर दाखवायचं होतं. किती दिवस नाही नाही म्हणत होत्या, आज कशाबशा तयार झाल्या होत्या, हे मला नंतर कळलं. आमचे हे बाजूला फडक्याला हात पुसत उभे. मला बघून काहीतरी सांगायला पुढे आले. मी म्हटलं, नंतर.

सरळ दार उघडलं.

“अम्माजी, उतर आइए. इसका तेल ख़राब है.”

अम्मांनी मुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उतरल्या. कुणीतरी असं म्हणायची वाटच बघत असाव्यात.

मग मी मालकाकडे वळले. सख्ख्या आईला बसवताना तरी तेलात कंजूसपणा करू नये, म्हटलं. माझ्या नवऱ्याच्या तोंडात जीभ नाही, माझ्या आहे, म्हटलं. हिंदी संपली तेव्हा मराठीत म्हटलं. मालक मान खाली घालून ऐकत होते. लखनऊचा माणूस, बाईमाणसाचं बोलणं मध्येच तोडत नाही.

“अगं, ऐक तरी,” हे म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा. तेलाची पट्टी काढा.”

ह्यांनी इंजिनातली तेल बघायची पट्टी काढून दिली. मी ती माझ्या पांढऱ्या ओढणीला पुसली. सगळ्यांना काळा डाग दिसला पाहिजे ना!

डाग पडला. फिकट, मधासारखा. घरात भजी तळली की माझं तेल याच्याहून काळं होतं.

“सकाळीच बदललंय,” हे हळूच म्हणाले.

मालक खाली उतरले. मला हात जोडले आणि ह्यांच्याकडे वळून फार दुःखाने म्हणाले, “जाधवजी, कल फ़ोन पर आपने ही कहा था, तेल नहीं बदला तो भाभीजी आ जाएँगी. हमने फ़ौरन हाँ कर दी. फिर भी ले आए?”

अम्मा पुन्हा काही विमानात चढल्या नाहीत. मालकाच्या गाडीत बसून त्यांनी ह्यांचा डबा संपवला.

परत येताना हे स्कूटीवर माझ्या मागे बसले होते. आलमबागच्या सिग्नलला मी म्हटलं, पुढच्या वेळी असं काही केलंत तर घरी आधी सांगाल का?

मागून आवाज आला, “बघू.”