आई विमानात बसली तेव्हा

परवा मुलाच्या मोटारीत पेट्रोल भरताना तो वास नाकात शिरला आणि जीव पुन्हा तसाच कासावीस झाला.

इंग्रजांच्या वेळची गोष्ट. अकोल्याच्या माळावर एक छोटं विमान आलं होतं. हौशी लोकांना ते गावावरून चक्कर मारून आणायचं. माझे वकील वडील त्यासाठी आम्हाला अमरावतीहून घेऊन गेले. पण पंखा घरघरला, पेट्रोलचा वास सुटला, धुरळा उठला आणि बाबा चार पावलं मागे सरले.

"मी जाऊ काय?" आईनं विचारलं.

"तुले भेव नाई वाटत?"

"वाटते ना. पण जातो मी."

पदर खोचून ती चढली. कपाशीच्या शेतांवर विमान ठिपक्याएवढं झालं. मी बाबांचा हात धरला. आई आता येतच नाही, असं वाटून मी रडकुंडीला आले.

ती उतरली ती विस्कटलेल्या केसांनी. मी बिलगले. तिनं मला थोपटलं, पण नजर वरच होती.

परतीच्या आगगाडीत जागा असूनही ती बडनेऱ्यापर्यंत दाराशीच उभी राहिली. मी हाका मारून शेवटी रुसले. आज तिच्या तेव्हाच्या वयाहून कितीतरी म्हातारी झाल्यावर कळतं, एवढं आभाळ पाहून आलेल्या बाईला बाकावर बसवत नव्हतं.